भिंतीपलीकडचा स्पीकर

भाऊबीजेला भागूबाई माहेरी आली ती टेम्पो घेऊनच आली. पुण्याहून श्रीरामपूरपर्यंत आगगाडी, तिथून बेलापूरपर्यंत टेम्पो, आणि टेम्पोत पेंढ्यात गुंडाळलेली तीन खोकी. खोक्यांवर तिचा नवरा रंगनाथ दोन्ही हात पसरून बसला होता, आत अंडी असावीत तसा.

"कोन्त्या दारात लावू, बाई?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

भागूबाईनं घराकडं पाहिलं. जन्मापासून तिनं या घराला एकच दार पाहिलं होतं. तिच्या वडिलांनी, तात्यांनी, रानात पहिला ऊस उभा राहिला त्या वर्षी स्वतः विटा भाजून बांधलेलं घर. एक ओटा, एक दार, आत एकच लांबलचक खोली. आता ओटा तेवढाच होता, पण दारं दोन झाली होती. डावीकडचं थोरल्या कारभारीचं, उजवीकडचं धाकट्या बन्सीचं. मधे गेल्या शिमग्याला घातलेली विटांची भिंत. तिला अजून गिलावासुद्धा नव्हता.

"मधी लाव," भागूबाई म्हणाली.

"मधी कुटं, बाई? मधी तर भित हाय."

"मंग भितीपाशी लाव! तुला काय करायचंय?" ती खेकसली, आणि बिचाऱ्या टेम्पोवाल्यानं गप टेम्पो मागं घेतला.

दुष्काळानं त्या साली पुष्कळांची घरं मोडली, पण तात्यांचं घर मोडलं ते पाटाच्या पाण्यानं. पाळी होती कारभारीच्या तुकड्याची, आणि पाणी फिरवलं बन्सीनं आपल्या उसाला. तात्या चारचौघांत त्याला बोलले. बन्सी तरणाताठा, डोक्यात उन्हाचा जाळ, म्हणाला, "तुमाला काय कळतंय आता? गप बांधावर बसून ऱ्हावा." झालं! तात्यांनी तिथंच पाटातलं पाणी हातात घेऊन सांगितलं, "आजपास्नं ह्याच्या घरचं पानी पिनार न्हाई, उंबऱ्याला पाय लावनार न्हाई." पुढं पंच बसले, वाटणी झाली. खेड्यापाड्यात पडते तशी मायबापाचीही वाटणी पडली. तात्या कारभारीकडं, आई बन्सीकडं. माणसं याला सोय म्हणतात. कसली डोंबलाची सोय!

मुक्ताबाईनं, म्हणजे भागूबाईच्या आईनं, पंचांपुढं चकार शब्द काढला नाही. गवंड्यानं भिंतीसाठी दोरी धरली तेव्हा मात्र ती नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "पोरगं एक शबूद बोललं तर तुमी भित घातली. आता भितीशीच बोला." त्या दिवसापासून ती तात्यांशी बोलली नव्हती. एका ओट्यावर दोघं दोन टोकांना बसत, मधून कोंबड्या फिरत, पण शब्द नाही. मुक्ताबाई तशी बोलभांड बाई, पण एकदा गप्प झाली की दगडाला पाझर फुटेल, तिला फुटायचा नाही.

भागूबाईनं शिमग्यापासून याचाच घोर घेतला होता. ती खोकी म्हणजे तिची युक्ती होती.

---

खोकी ओट्यावर उघडली. एका खोक्यातून रेकॉर्ड प्लेअर निघाला आणि त्याच्याबरोबर दोन-चार तबकड्या. उरलेल्या दोन्हींतून सागवानी लाकडाच्या दोन पेट्या निघाल्या, समोरून तपकिरी कापड ताणलेल्या.

"ह्ये काय? रेडू?" कारभारीची बायको गोजरबाई पदराला हात पुसत पुढं आली.

"स्पीकर आहेत, वहिनी," रंगनाथ म्हणाला. तो पुण्याला लष्कराच्या वर्कशॉपात वायरलेसची यंत्रं दुरुस्त करायचा. मूळचा खर्ड्याकडचा, पण पुण्याच्या पाण्यानं त्याची भाषा धुऊन निघाली होती आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. "दुकानदार मला छोटे प्लास्टिकचे गळ्यात मारत होता. मी म्हटलं, बाबा, तबकडी मी आणलीये, तीच वाजव. त्या गाण्यात बाईच्या बांगड्या वाजतात. ज्या पेटीतून बांगड्या काचेच्या वाटतील ती माझी, पत्र्याच्या वाटतील ती तुझी. सगळं दुकान पालथं घातलं तेव्हा हे सापडले."

"पन ह्येच्यापरीस कर्ना आनायचा की," कारभारी म्हणाला. तो धिप्पाड, सावकाश बोलणारा गडी; त्याला मोठ्या आवाजाच्या वस्तू आवडत. "कर्ना कसा, कौलावर बांधला की आवाज पार फॅक्टरीपत्तूर जातुय."

"दादा, गाव जेवायला घालायचंय का आपल्याला? हे घरात बसून ऐकायचंय. सिनेमाचं थेटर घरात आणल्यासारखं."

"आन दोन कशाला?" बन्सीनं लांबूनच विचारलं. तो आपल्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

रंगनाथला हेच पाहिजे होतं. त्यानं दोन्ही पेट्या ओट्यावर लांब लांब ठेवल्या आणि स्वतः मधोमध मांडी घालून बसला. "याला स्टिरिओ म्हणतात. गाणं दोघांचं असलं, की डावीकडून गडी गातो, उजवीकडून बाई. आणि मधे माणूस बसला की त्याला वाटतं, दोघं समोर उभी आहेत. पण एक अट आहे. दोन्ही स्पीकर एका खोलीत पाहिजेत."

भागूबाईनं लगेच सांगून टाकलं, "आन ह्ये मी तात्या आन आईसाठी आनलंय. दोघांसाठी. कुनाच्या वाट्याचं न्हाई."

तिला वाटलं होतं, एवढं बोललं की भाऊ एकमेकांकडं बघतील, कुणीतरी म्हणेल, चला, एका खोलीत मांडू. भावांनी एकमेकांकडं बघितलंही. पण वाटणी झालेल्या घरात वस्तू आली की आधी तिचे वाटे पडतात, हे ती पुण्याला राहून विसरली होती.

"दोघांसाठी म्हनजी निम्मं निम्मं," कारभारी म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हिशेबाला तो सरळ माणूस. "तात्या माज्याकडं, आई बन्सीकडं. पेट्या बी दोन हायती. बरं झालं, भांडान न्हाई."

"पन यंतर एकच हाय," बन्सी म्हणाला.

"यंतर माज्याकडं ऱ्हाऊ दे. तबकड्या तू घे."

"अहो दादा, असं नसतं—" रंगनाथ उठला.

"पाव्हणं, तुमी बसा. च्या घ्या. ह्ये आमच्या घरातलं हाय," कारभारी नम्रपणे म्हणाला, आणि जावयाचं तोंड तिथंच बंद झालं. सासुरवाडीत जावयाला पाट मिळतो, मत नाही.

रीतीप्रमाणं थोरल्यानं वाटे पाडले, धाकट्यानं आधी उचललं. बन्सीनं उजवी पेटी उचलली. शिमग्यालाही असंच झालं होतं. तेव्हा खल कारभारीच्या वाट्याला गेला होता आणि बत्ता बन्सीच्या, आणि तेव्हापासून दोन्ही जावा पाट्यावर मिरच्या वाटत होत्या, पण मागायला कुणी जात नव्हतं. तसंच तात्यांच्या खुर्चीचं. शिसवी खुर्ची, तात्या रोज संध्याकाळी तिच्यात बसायचे. ती बन्सीनं उचललेल्या वाट्यात निघाली आणि तात्या निघाले कारभारीच्या. कारभारीच्या घरात तात्या पोत्यावर बसत. बन्सीच्या घरात खुर्ची रिकामी राही, मुक्ताबाई तिच्यावर नातवालाही बसू देत नसे.

भागूबाई मोरीपाशी गेली आणि तोंडावर पाणी मारून आली. नवऱ्याला हळूच म्हणाली, "जोडा तसंच. दिस मावळायच्या आत जोडा. निदान काय तरी वाजंल."

---

रंगनाथनं जोडलं. कामात मात्र त्यानं कसूर केली नाही. आधी कारभारीच्या खोलीत शिरून मधोमध उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"पाव्हण्यांनी आरती धरली का काय?" गोजरबाई आतून म्हणाली.

"घुमतंय का बघतोय, वहिनी. घुमत नाही. बाजरीच्या पोत्यांनी आवाज गिळलाय. छान आहे खोली."

मग बन्सीकडं टाळ्या. तिथं भिंती उघड्या होत्या, आवाज घुमत होता. बन्सीच्या बायकोनं, पुष्पावतीनं, न बोलता गोधड्यांची चळत आणून कोपऱ्यात लावली. तीही इतके महिने घरातली शांतता ऐकून विटली होती. "आनखी आनू का, दाजी?" तिनं विचारलं. "आई बसत्यात तितं नीट ऐकू आलं पायजे."

आई बसायची भिंतीपाशी. खुर्चीच्या शेजारी जमिनीवर, पाठ विटांना लावून. स्पीकर ठेवायला उंच जागा पाहिजे होती. रंगनाथनं खोलीभर नजर फिरवली आणि खुर्चीकडं बोट केलं. पुष्पावतीनं सासूकडं पाहिलं.

"ठिव," मुक्ताबाई म्हणाली. "तितं कुनी बसत न्हाई."

राहिली तार. दारातून फिरवावी तर पायात येते, म्हणून भिंतीला भोक पाडायचं ठरलं. गिरमिट कुठलं असायला! कारभारीनं पहार आणली. तार करंगळीएवढी आणि पहार मनगटाएवढी. दोन घाव बसले आणि अर्धी वीटच पलीकडं जाऊन पडली. मूठ जाईल एवढं भोक झालं.

"लई मोठं झालं की," बन्सी पलीकडून म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. चिंध्या कोंबू मागनं," कारभारी अलीकडून म्हणाला.

दोघा भावांचं शिमग्यानंतर वाटणीच्या हिशेबाशिवाय झालेलं हे पहिलं बोलणं. दोघांच्या ध्यानातही आलं नाही.

---

भागूबाईनं दोन घरांत दोन पाट मांडले, दोनदा चंद्राला ओवाळलं, दोनदा भावाला. दोघांनीही तबकात लुगडं घातलं, सारख्याच रंगाचं, कारण दुकान एकच आणि दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही. ती हसली नाही. मग बन्सीनं तबकडी आणून ओट्यावरूनच कारभारीच्या हातात दिली, कारभारीनं ती रंगनाथला दिली, आणि रंगनाथनं सुई टेकवली.

तात्या बाजरीच्या पोत्यावर बसले होते. तरुणपणी भजनात पेटी वाजवलेला माणूस, कान अजून शाबूत. डाव्या पेटीतून ढोलकी निघाली आणि तात्यांची मान आपोआप उचलली गेली. वा! ढोलकीची शाई कानाला लागत होती. मग गडी गायला लागला, भरदार आवाजाचा:

*दार लावलंस सखे, आता मी जाऊ कुठं?*

आणि गप्प. नुसती ढोलकी. तात्या वाट बघत राहिले. भिंतीच्या पल्याड कायतरी घुमत होतं, विहिरीत कुणी बोलावं तसं, पण शब्द लागत नव्हते. मग पुन्हा तोच गडी, पुन्हा तेच दार, पुन्हा ढोलकी.

"ती बाई उत्तर का देईना?" तात्या वैतागले.

"देतीय की, तात्या," रंगनाथ म्हणाला. "पण ती तिकडे आहे."

"तिकडं म्हनजी?"

"बन्सीकडे. बाई उजव्या पेटीत आहे ना."

तात्यांनी जावयाकडं पाहिलं, मग भिंतीकडं.  गोजरबाई म्हणाली, "म्हनजी बाई त्यांच्या वाट्याला गेली व्हय? आमाला नुसता गडी? मला बाईचं ऐकायचं हुतं!" आणि त्याच वेळी पलीकडून बन्सीचा आवाज आला, "दादा, आमच्याकडं ढोलकीच न्हाई! नुसती बाई बोंबलतीय!"

"मंग पेट्या बदलू," कारभारी म्हणाला.

"बदलून काय उपेग? मंग तुमच्याकडं नुसती बाई!"

भागूबाईनं कपाळावर हात मारला. हसावं का रडावं तिला कळेना, आणि रंगनाथनं मुकाट्यानं सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

---

मुक्ताबाईनं पाठ भिंतीला लावली होती. खुर्चीवरच्या पेटीतून बाई गात होती. गोड गळा होता, आणि बांगड्या खरंच काचेच्या होत्या. पण गाणं असं की थोडा वेळ पेटी निवांत, आणि मग एकदम:

*कडी न्हाई लावली रे, ढकलून बघ की थोडं.*

कशाची कडी? काय ढकलायचं? कुणी कायतरी विचारल्याशिवाय ही बाई असं म्हणायची नाही. बाईचा आवाज तर असा होता की तिला राग नाही, पण आपणहून दार उघडायचीही नाही. मुक्ताबाईला ती ओळखीची वाटली. तिनं पुष्पावतीला विचारलं, "तो काय म्हनला गं?"

"कोन, आई?"

"ही ज्येला बोलतीय त्यो."

"मला कुटं ऐकू आलं? त्यो तिकडं हाय, तात्यांकडं."

 बाईनं पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. जीव नुसता टांगणीला लागला. एवढं गोड बोलणं आणि ते कशाचं उत्तर ते कळू नये, म्हणजे काय? शिमग्यापासून ती स्वतःच्या शब्दाला धरून बसली होती. मनात कितीदा आलं होतं की आज जाऊन म्हणावं, जेवला का. पण एकदा बोलून बसलेला शब्द गिळायचा कसा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आता मात्र राहवेना.

तिनं मान वळवली. तारेचं भोक तिच्या कानाशीच होतं. ती भोकाशी तोंड नेऊन म्हणाली:

"अवो. तो काय म्हनला?"

बन्सीच्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला.

पलीकडं तात्या पोत्यावरून उठले. त्यांना कुणी उठा म्हटलं नाही, कुणी हात दिला नाही. ते भिंतीपाशी आले, खाली बसले, आणि भोकाकडं बघत राहिले, जणू आतून साप निघायचा.

"ऐकू आलं का?" मुक्ताबाई म्हणाली.

"आलं."

"मंग? काय म्हनला?"

तात्यांनी घसा खाकरला. खोलीत लेक, जावई, सून, थोरला पोरगा, सगळी उभी. या वयात असलं कसं बोलावं? "म्हनतुय..." तात्या थांबले. "म्हनतुय, दार लावलंस. आता जाऊ कुटं."

पेटीतला गडी पुन्हा गायला लागला. कारभारी हळूच पुढं गेला आणि त्यानं आवाजाचं बटण फिरवून गाणं बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आवाज कमी पाहिजे. भागूबाईनं लुगड्याचा पदर तोंडात धरला.

 तात्या वाट बघत राहिले. मघाशी गाण्यात बघितली होती तशीच.

"कडी न्हाई लावली," मुक्ताबाई म्हणाली.

तात्यांना या ओळीचा पत्ता नव्हता. ही बाईची ओळ त्यांच्या पेटीत आलीच नव्हती. त्यांनी ती मुक्ताबाईचीच धरली, आणि खरं सांगायचं तर तीही त्या वेळी गाणं सांगत नव्हती. तात्या कपाळ विटांना टेकवून बसले. मग म्हणाले, "बन्सी हाय का घरात?"

"हाय. हितंच उभा हाय. खाली मान घालून."

"त्येला म्हनावं..." तात्यांना पुढचं जमेना. बोलायचं तर खूप होतं आणि भोक बारीक होतं. शेवटी म्हणाले, "च्या हाय का तुज्याकडं?"

ज्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून पाटाच्या काठावर शपथ घेतली, त्या घरचा चहा! गोजरबाईनं तोंडावर हात ठेवला.

"साकर हाय, पत्ती हाय," मुक्ताबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम रोजच्यासारखा झाला. "दूध आत्ताच काढलंय. ठिवू?"

"ठिव."

तात्या उठले. कारभारीनं काठी पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. ते दारातून ओट्यावर आले आणि कोंबड्या हाकलत उजव्या दाराकडं चालू लागले. सगळं घर मागोमाग निघालं, पण कुणीच पुढं गेलं नाही. मिरवणूक असावी तसं सगळं चाललं होतं, फक्त वाजंत्री बंद होती.

बन्सीनं पावलं ओळखली. इतके महिने त्यानं ती भिंतीच्या पल्याड ऐकली होती. त्याला वाटलं, दारात जावं, पाय धरावेत, म्हणावं की चुकलो. पण त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि पटकन खुर्चीपाशी गेला. स्पीकर उचलला. तार ताणली गेली, भोकातून निसटून खाली पडली, तिकडं त्याचं लक्षच नव्हतं. पेटी त्यानं जमिनीवर ठेवली, अंगातला सदरा काढला आणि खुर्चीचे दोन्ही हात पुसायला लागला. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

उंबऱ्यावर तात्यांचं पाऊल वाजलं.

"तात्या," तो मान वर न करता म्हणाला, "बसा."